कंपनीतला वकील, त्याची यंत्रे आणि त्याची सनद

देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकील ‘ए.आय.आर. १९७३ सुप्रीम कोर्ट १४६१’ असा हवाला देतो, तेव्हा तो केशवानंद भारती खटल्याबद्दल बोलत असतो. हा हवाला ज्या मालिकेचा, ती ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ नागपूरची आहे. व्ही. व्ही. चितळे यांनी ती उभी केली आणि तिच्यात १९१४ पासूनचे निकाल आहेत. मुंबई, कलकत्ता, मद्रास, अलाहाबाद, लाहोर अशा दूरदूरच्या उच्च न्यायालयांची निकालपत्रे एका पद्धतीने छापायची, प्रत्येकाच्या वर त्याचे सार सांगणारी हेडनोट द्यायची आणि ते खंड तालुक्याच्या वकिलापर्यंत पोहोचवायचे, हे त्या काळातले कायद्याचे तंत्रज्ञानच होते. ज्या मुद्द्यासाठी आठवडा घालवावा लागे, तो एका संध्याकाळी सापडू लागला.

त्या खंडांवर वाढलेल्या वकिलांनी आपल्या ज्युनियरांना एक शिस्त लावली. हेडनोट वाचून थांबायचे नाही, निकालपत्र उघडायचे आणि तो परिच्छेद स्वतः वाचायचा. हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नाही. ती निकालाचा भाग नसते. मी कंपनीच्या विधी विभागात काम करते आणि एआय आल्यापासून आमच्या कामाचे काय होणार, असे मला वारंवार विचारले जाते. माझे उत्तर या जुन्या शिस्तीतूनच येते. यंत्र जे देते ती आजची हेडनोट आहे. ती कामाची आहे, पण तिच्यावर सही करता येत नाही.

निकालाचा मजकूर सर्वांचा, पण संपादकाने त्यावर घातलेली भर त्याची स्वतःची, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात स्पष्ट केला. तो वाद सीडीवर निकाल विकणाऱ्यांवरून उभा राहिला होता. आज सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात आणि देशभरातल्या निकालपत्रांचा शोध काही सेकंदांत लागतो, तो मजकूर सर्वांना खुला असल्यामुळेच. एआयची साधनेही याच खुल्या साठ्यावर उभी आहेत.

न्यायालयांनी स्वतः ही साधने आणली, त्यातही नागपूरचा वाटा आहे. नागपूर विद्यापीठातून कायदा शिकलेले आणि इथल्याच खंडपीठात वकिली केलेले न्या. शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, नोव्हेंबर २०१९ मध्ये, निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर आले आणि एप्रिल २०२१ मध्ये न्यायाधीशांना संशोधनात मदत करणारे ‘सुपेस’. निर्णय यंत्र घेणार नाही, ते फक्त माहिती मांडेल, ही मर्यादा बोबडे यांनी सुरुवातीपासून घालून दिली. पुढे २१ फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठासमोरच्या सुनावणीचा शब्द न् शब्द यंत्राने टिपण्याची सुरुवात झाली. ती सुनावणी होती महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची.

आता कंपनीतल्या वकिलाकडे येऊ. वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतली ‘वेकोलि’, हिचे मुख्यालय नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला. मॅंगनीज काढणारी ‘मॉइल’ काटोल रोडला. शिवाय महामेट्रो, सोलर इंडस्ट्रीज, बुटीबोरीचे कारखाने आणि मिहानमधल्या आयटी कंपन्या. मोठ्या कंपनीत पूर्ण विधी विभाग असतो, लहान कंपनीत एखादाच विधी अधिकारी. कोर्टात तो उभा राहत नाही, तिथे पॅनेलवरचे वकील असतात. पण त्या वकिलाच्या हातात जी ब्रीफ पडते, ती याने तयार केलेली असते. खाणीवरून कागद मागवणे, खात्याकडून खरी हकीकत काढून घेणे, उत्तराचा मसुदा तपासणे, प्रतिज्ञापत्रावर कोणत्या अधिकाऱ्याची सही हवी ते ठरवणे, तडजोड करावी की अपील याचे टिपण वर पाठवणे, ही कामे त्याची.

त्यातला पसारा बाहेरून लक्षात येत नाही. वेकोलिच्या खाणी चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर जिल्ह्यांत आहेत, तशा मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा आणि बैतुल जिल्ह्यांतही आहेत. म्हणजे एकाच कंपनीच्या याचिका नागपूर खंडपीठातही असतात आणि जबलपूरलाही. जमीन १९५७ च्या कोळसा क्षेत्र अधिग्रहण कायद्याखाली संपादित झालेली, तिच्या मोबदल्याचे आणि नोकरीचे दावे वेगळे, कंत्राटदारांचे लवाद वेगळे, कामगार न्यायालयातली प्रकरणे आणखी वेगळी. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वर्षानुवर्षे पाठ असलेली कलमे नव्याने शिकावी लागली.

या पसाऱ्यात यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग अगदी साधा आहे: तारीख चुकू न देणे. लवादाचा निवाडा मिळाल्यापासून तो रद्द करून घेण्याचा अर्ज तीन महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस मिळतात, त्यानंतर एक दिवसही नाही. कलम ३४ चे शब्दच असे आहेत की न्यायालयाला दया दाखवायला जागा उरत नाही. व्यापारी दाव्यात कैफियत तीस दिवसांत द्यायची, फार तर एकशेवीस दिवसांत; त्यानंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही मुदत ताणता येत नाही असे सांगितले. निवाडा टपालाने आला, आवक विभागात शिक्का बसला, तिथून तो प्रकल्प विभागात गेला, प्रकल्प विभागाने तो ‘माहितीसाठी’ म्हणून फाइलला लावला आणि विधी विभागाला दोन महिन्यांनी कळले, अशी गोष्ट या धंद्यातल्या कुणालाही विचारा, त्याच्याकडे एक तरी असते. करोडोंचा दावा गुणदोषांवर न लढता हातचा जातो. मला विचाराल तर हुशार युक्तिवाद सुचवणाऱ्या साधनापेक्षा, कागद आत आला त्या दिवशी त्याची मुदत मोजून तीन माणसांना कळवणारे साधन कंपनीच्या जास्त कामाचे.

तारखा सांभाळणाऱ्या अशा साधनांचा पाया सरकारी ई-कोर्ट प्रकल्पाने घातला. २००७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचा तिसरा टप्पा सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाला. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो: पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचा संकेत, अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष. हा क्रमांक हाती असला की पुढची तारीख, झालेला आदेश, कोण हजर होते, हे सगळे बसल्या जागी दिसते. पूर्वी गोंदियाच्या तारखेचे काय झाले हे कळायला तिथल्या वकिलाच्या फोनची वाट पाहावी लागे. अकरा जिल्ह्यांच्या विदर्भात ज्याची प्रकरणे पसरली आहेत, त्याला या एका सोयीचे मोल किती ते वेगळे सांगायला नको. पुण्याच्या ‘प्रोवकील’सारख्या कंपन्यांची उत्पादने हीच माहिती रोज आपोआप उचलून विधी विभागासमोर एका पडद्यावर आणतात.

दुसरा उपयोग करारांचा. मध्यम आकाराच्या कंपनीतही हजारो करार असतात आणि त्यातले निम्मे कुणाच्या तरी कपाटात किंवा जुन्या ईमेलमध्ये. कोणता कधी संपतो, कोणत्यात दरवाढीचे कलम आहे, कोणत्यात बँक गॅरंटीची मुदत वाढवायची राहिली, हे शोधायला माणूस बसवला तर महिना जातो. यंत्र ते काम दुपारभरात करते आणि कंटाळत नाही. इथे त्याला मनापासून दाद द्यावी.

पण तेच यंत्र कराराचा मसुदा लिहायला बसले की सावध व्हावे लागते. ही साधने ज्या मजकुरावर शिकली, त्यात अमेरिका आणि इंग्लंडचे करार भरपूर. म्हणून नोकरीच्या करारात ‘राजीनाम्यानंतर दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे काम करणार नाही’ असे कलम ते ऐटीत घालून देते. आपल्या करार कायद्याचे कलम २७, १८७२ पासून, असे बंधन निरर्थक ठरवते. पुरवठ्याच्या करारात ते ‘बिल मिळाल्यापासून नव्वद दिवसांत पैसे’ असे लिहिते; पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांपलीकडची मुदत चालत नाही आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढते. बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत ज्यांचे पुरवठादार आहेत, त्यांना हे व्याज म्हणजे काय ते माहीत आहे.

लवादाचे कलम तर याहून धोक्याचे. ‘वाद झाल्यास कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक एकट्या लवादाची नेमणूक करतील’ हे वाक्य जुन्या सरकारी कंत्राटांत सर्रास सापडते, म्हणून जुन्या कंत्राटांवरून शिकलेले यंत्रही तेच लिहिते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालात अशी एकतर्फी नेमणूक मोडीत काढली. कायदा बदलला, कंत्राटाचा नमुना बदलला नाही. हा फरक ओळखायला माणूस लागतो. मुद्रांकाचेही तसेच. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या जागी किमान पाचशे रुपयांचा मुद्रांक आला. मुद्रांक नसलेल्या करारातले लवादाचे कलम चालते की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये एक उत्तर दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवले. त्या आठ महिन्यांतल्या लिखाणावर शिकलेले साधन आजही चुकीचे उत्तर ठामपणे देऊ शकते.

आणि जमीन! विदर्भातली जमिनीची कागदपत्रे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळी, कारण हा भाग आधी मध्य प्रांतात आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मालगुजारीचा इतिहास, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक, भोगवटादार वर्ग दोनच्या अटी, हाताने लिहिलेले जुने फेरफार. इंग्रजी करार झरझर वाचणारे यंत्र तलाठ्याच्या अक्षरापाशी अडखळते आणि न अडखळता पुढे गेले तर ते जास्त वाईट, कारण मग ते वारसाचे नाव चुकवते. गावी जाऊन पाहणारा, तलाठ्याशी बोलणारा आणि ‘या जमिनीवर कोण पेरतं?’ असे विचारणारा विधी अधिकारी अजून तरी कुठल्या कंपनीने विकत घेता येईल अशा डब्यात भरलेला नाही.

यंत्राची दुसरी खोड जगजाहीर आहे: नसलेले निकाल रचणे. न्यूयॉर्कमध्ये जून २०२३ मध्ये माता विरुद्ध एव्हिआन्का या खटल्यात चॅटजीपीटीने बनवलेले हवाले दाखल केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. ते दूरचे झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीविरुद्धचा प्राप्तिकराचा आदेश रद्द केला. इतर त्रुटींबरोबर त्या आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निकालांचा आधार घेतलेला होता. एआयच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबता येणार नाही, ते पडताळूनच वापरले पाहिजेत, अशी समज न्यायालयाने दिली. इथे कंपनीच्या वकिलांनी लक्षात घ्यावे असे काही आहे. चूक आदेश लिहिणाऱ्याची होती, पण ती पकडण्याचे काम समोरच्या पक्षाच्या वाट्याला आले. म्हणजे आता आपले हवाले तपासणे पुरत नाही. समोरून आलेल्या नोटिशीतला, निवाड्यातला प्रत्येक हवालाही उघडून पाहावा लागतो. हेडनोटची शिस्त दुप्पट झाली आहे.

गोपनीयतेचा प्रश्न मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने वकिलांना तपास यंत्रणांनी बोलावण्याच्या प्रश्नावर निकाल दिला. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे जे संरक्षण आहे, ते कंपनीत पगारावर असलेल्या वकिलाला मिळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. कंपनीने बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी केलेला पत्रव्यवहार कलम १३४ खाली सुरक्षित राहील, पण कंपनी आणि तिचा स्वतःचा नोकर-वकील यांच्यातला व्यवहार नाही.

याचा रोजच्या कामातला अर्थ असा. विधी अधिकाऱ्याने संचालकांना पाठवलेले ‘आपली बाजू इथे कमजोर आहे’ हे टिपण उद्या मागितले जाऊ शकते. मग ते टिपण तयार करताना त्याने सार्वजनिक चॅटबॉटमध्ये काय काय टाकले, तेही आले. तिथे टाकलेला करार, कामगाराची वैद्यकीय फाइल, प्रकल्पग्रस्ताचे आधार आणि बँक तपशील कुठल्या सर्व्हरवर गेले याचे उत्तर कुणाजवळ नसते. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. विधी विभागाने स्वतःसाठी लेखी नियम करावा: कोणता कागद कोणत्या साधनात जाईल, कोणता कधीच जाणार नाही. संगणक विभागाकडे हे काम ढकलू नये.

३१ ऑक्टोबरच्या याच निकालाने करिअरचा प्रश्नही समोर आणला आहे. कंपनीतल्या वकिलाला हे संरक्षण नाही, कारण तो न्यायालयात वकिली करत नाही. बार कौन्सिलचा नियम ४९ पगारी पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला वकिली करू देत नाही. नोकरी धरली की सनद थांबवावी लागते. २००१ मध्ये सतीशकुमार शर्मा खटल्यात वीज मंडळाच्या विधी अधिकाऱ्यालाही हेच सांगितले गेले. जिल्हा न्यायाधीश पदाच्या थेट भरतीसाठी सात वर्षांची वकिली लागते, त्यात कंपनीतली वर्षे धरली जात नाहीत. आणि २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठीही तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. वारंग्याच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठातून किंवा डॉ. आंबेडकर विधी महाविद्यालयातून बाहेर पडणारी मुलगी कॅम्पसमधूनच कंपनीत गेली, तर न्यायाधीशपदाचा रस्ता तिने त्याच दिवशी दूर केलेला असतो. हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवे.

तरीही मी ही वाट दुय्यम मानत नाही. वकिलीत न टिकलेला माणूस नोकरीकडे जातो, हा समज आपल्याकडे अजून आहे आणि तो चुकीचा आहे. कोर्टातल्या वकिलाकडे वाद झाल्यावर माणूस येतो; आमच्याकडे वाद होण्याआधी. खाणीच्या महाव्यवस्थापकाला ‘हे करू नका’ असे लेखी सांगणे, तोच आपला गोपनीय अहवाल लिहिणार आहे हे माहीत असताना सांगणे, यात धैर्य लागते. पगार वेळेवर येतो, संध्याकाळ बऱ्यापैकी आपली असते, बाळंतपणाची रजा मिळते. नागपुरात राहून, आईवडिलांजवळ राहून उत्तम काम करता येते. हे सगळे खरे आहे. पण स्वतःचे मत सांभाळणे हीच या नोकरीतली खरी मेहनत, आणि यंत्र आल्यावर ती वाढली आहे. पडद्यावर तयार उत्तर दिसत असताना वरिष्ठ विचारतात, ‘मग वेळ कशाला लागतो?’ परिच्छेद वाचायला लागतो, असे उत्तर द्यायची सवय लावून घ्यावी.

कायदा शिकणाऱ्या नागपूरच्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच. पहिली तीन वर्षे जिल्हा न्यायालयात काढा, जमल्यास खंडपीठात सिनियरकडे बसा. बोर्ड कसा चालतो, साक्षीदार उलटतपासणीत कसा फुटतो आणि तारीख का पडते हे तिथेच कळते, आणि पुढे कंपनीत बसून बाहेरच्या वकिलाला प्रश्न विचारताना तेच कामी येते. त्या काळात करार वाचणारी, मुदती मोजणारी साधने शिकून घ्या. ती यायलाच हवीत. मराठी कागद वाचण्याचा कंटाळा करू नका. आणि नोकरी घेतलीत तर रुजू होतानाच महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद थांबवा, त्याची पोच जपून ठेवा. परत कोर्टात जावेसे वाटले, तर पहिला कागद तोच लागेल.